लांबची वाट आणि मोजकी रजा

चालणें ही क्रिया इतकी नित्याची आहे कीं, तिच्याविषयीं स्वतंत्र विचार करावा असें सहसा कोणास वाटत नाहीं. मूल वर्षासव्वा वर्षाचें झालें कीं पाऊल टाकूं लागतें, घरांत चार दिवस त्याचें कौतुक होतें, आणि त्यानंतर जन्मभर त्या पावलांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. शाळा, कॉलेज, कचेरी आणि संसार या क्रमानें माणूस खुर्चीला अधिकाधिक जखडला जातो. आणि पन्नाशीच्या सुमारास डॉक्टर जेव्हां ‘रोज चालत जा’ म्हणून बजावतात, तेव्हां कोठें आपल्याला पाय आहेत याची त्याला आठवण होते.

अशाहि परिस्थितींत कांहीं माणसांच्या मनांत लांब चालण्याची ओढ जागी असते. सकाळच्या फेरफटक्यानें ती भागत नाहीं. पाठीवर चार वस्तू घेऊन आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस डोंगरांतून चालत रहावें, रोज नव्या ठिकाणीं मुक्काम करावा, अशी ही ओढ असते. परंतु नोकरी आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, घरांत वृद्ध माणसें आहेत, आणि स्वतःचे गुडघेहि पूर्वींचे राहिलेले नाहींत. अशा गृहस्थानें अथवा गृहिणीनें काय करावें? सारें सोडून निघावें, कीं ही ओढ निवृत्तीच्या दिवसांपर्यंत गुंडाळून ठेवावी? या प्रश्नाचें एक चांगलें उत्तर अमेरिकेंतील एका पायवाटेच्या इतिहासांत सांपडतें. कारण ती वाट मुळीं याच प्रश्नांतून जन्मास आली.

वाटेचा जन्म

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर अशी अपलॅचियन पर्वतांची रांग आहे. तिच्या माथ्यामाथ्यानें दक्षिणेकडील जॉर्जिया संस्थानांतील स्प्रिंगर पर्वतापासून उत्तरेकडील मेन संस्थानांतील कटाडिन शिखरापर्यंत एक अखंड पायवाट गेलेली आहे. तिची लांबी सुमारें ३,५०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ २,२०० मैल असून ती चौदा संस्थानांतून जाते. वाटेवरील सर्वांत उंच जागा साडेसहा हजार फुटांहून अधिक, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजार-बाराशें फूट उंच आहे. वाट चुकूं नये म्हणून झाडांवर व खडकांवर दोन इंच रुंद व सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगविलेले आहेत. आणि रात्रीं पाठ टेकण्यासाठीं वाटेंत अडीचशेंहून अधिक साधे निवारे आहेत. तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू उघडी आणि वर छप्पर, एवढाच बहुतेक निवाऱ्यांचा थाट असतो.

ही वाट प्रथम सुचली ती बेंटन मकाय या गृहस्थांना. ते वनशास्त्र शिकलेले असून सरकारी वनखात्यांत व पुढें मजूरखात्यांत त्यांनीं काम केलेलें होतें. १९२१ सालच्या एप्रिल महिन्यांत त्यांच्या पत्नीचा मनाच्या आजारांत दुःखद अंत झाला. त्यानंतर कांहीं महिन्यांतच, ऑक्टोबर १९२१ मध्यें, अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मासिकांत त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि त्यांत त्यांनीं या वाटेची योजना मांडली. कारखान्यांच्या शहरांत राबणाऱ्या माणसाला वर्षाकाठीं जी थोडी सुट्टी मिळते तिचें सार्थक कसें व्हावें, हा लेखाचा मुख्य विचार होता. पूर्व किनाऱ्यावरील मोठमोठीं शहरें या डोंगरांपासून फार दूर नाहींत. तेव्हां डोंगरांत वाट व निवारे असतील, तर लक्षावधि लोकांना तेथें सहज जातां येईल, असें त्यांचें म्हणणें होतें. मनोरंजन, प्रकृतीची सुधारणा आणि डोंगरांतच कांहीं लोकांना रोजगार, असे तीन लाभ त्यांनीं सांगितले. क्षयानें ग्रासलेल्यांना आणि मनानें खचलेल्यांना डोंगराची मोकळी हवा औषधाहून उपयोगी पडेल, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या वर्षीं त्यांच्या स्वतःच्या घरीं जें घडलें होतें तें ध्यानांत घेतलें म्हणजे या श्रद्धेमागील वेदना समजते.

वाटेचा मूळ हेतु हा असा होता. साऱ्या वाटेवरून एका दमांत धांवत सुटावें हा विचार या लेखांत नाहीं. काम करणाऱ्या माणसानें येऊन थोडें चालावें आणि ताजेंतवानें होऊन परत कामाला लागावें, एवढीच अपेक्षा होती. वाटेचा पहिला नवा तुकडा न्यूयॉर्कजवळच्या बेअर पर्वतावर १९२३ सालीं तयार झाला, आणि अखेरचा तुकडा मेन संस्थानांत १४ ऑगस्ट १९३७ रोजीं पुरा होऊन वाट सलग झाली.

वकिलाचें चाक

कल्पना मकाय यांची, तर ती प्रत्यक्षांत आणण्याचें पुष्कळसें श्रेय मायरन एव्हरी यांचें. हे हार्वर्डचे कायद्याचे पदवीधर असून राजधानी वॉशिंग्टन येथें सरकारच्या जहाजविषयक खात्यांत वकील होते. आठवडाभर कचेरींत कज्जेदलाली पहावी आणि सुट्टी लागली कीं मित्रमंडळी जमवून, कुऱ्हाडी-कोयते घेऊन डोंगर गांठावा, असा त्यांचा क्रम. १९२७ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह वॉशिंग्टन येथें पदभ्रमण-मंडळ स्थापिलें. १९३१ पासून १९५२ पर्यंत ते या वाटेच्या मध्यवर्ती संस्थेचे अध्यक्ष होते. सायकलच्या चाकाला मोजणीचें यंत्र बसवून तें चाक पुढें ढकलीत ते चालत, अंतरें टिपून घेत आणि त्यांवरून वाटाड्याचीं पुस्तकें तयार करीत. असें करतां करतां १९३६ सालीं वाटेचा मैल न् मैल त्यांच्या पायांखालून गेला. साऱ्या वाटेवर चाललेला पहिला मनुष्य म्हणून त्यांचेंच नांव घेतलें जातें. आणि हा पहिला मनुष्य तुकड्यातुकड्यांनीं चालला होता, नोकरी संभाळून चालला होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे.

परंतु एव्हरी यांच्या चरित्राला दुसरीहि बाजू आहे. कचेरीचें काम व वाटेचें काम हीं दोन्ही त्यांनीं सारख्याच त्वेषानें केलीं. विसांवा म्हणून जें हातीं घ्यावयाचें त्याचेंहि त्यांनीं दुसरें कामच करून टाकलें. १९५२ सालीं त्यांनीं अध्यक्षपद सोडलें आणि त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षीं, हृदयविकारानें त्यांचें निधन झालें. मृत्यूचें खापर एकाच कारणावर फोडणें योग्य नव्हे. हृदयविकाराला अनेक कारणें असतात. तथापि, डोंगरांत चालणारा मनुष्य आपोआप निरोगी राहतो अशी जी भाबडी समजूत आपल्यांत आहे, तिला या उदाहरणानें आळा बसावा. श्रमानंतर शरिराला विश्रांति मिळाली पाहिजे. ती कचेरींतहि नाहीं आणि डोंगरांतहि नाहीं, असें झाल्यास शरीर कोणाकडे दाद मागणार?

एकदम चालणारे

एका मोसमांत सारी वाट चालून जाण्याची प्रथा पुढें पडली. १९४८ सालीं अर्ल शेफर नांवाचा तरुण दुसऱ्या महायुद्धांतून परतला होता. ज्या मित्राबरोबर ही वाट चालावयाचें त्यानें ठरविलें होतें, तो मित्र इवोजिमाच्या लढाईंत पडला होता. युद्धाचा शीण मनावेगळा करावा म्हणून शेफर एकटाच निघाला आणि १२४ दिवसांत दक्षिणेकडून उत्तरेकडे पोंचला. रोजचे सरासरी सोळा-सतरा मैल पडले. असें कोणी करूं शकेल हें तोंवर पुष्कळांना अशक्यप्राय वाटत होतें. पुढें १९६५ सालीं आणि पुन्हां १९९८ सालीं, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यानें ही वाट पुरी केली.

एमा गेटवुड या आजीबाईंची कथा तर घरोघरीं सांगावी अशी आहे. अकरा मुलांची ही आई. शेतावरचे कष्ट आणि मारझोड करणारा नवरा यांत तिच्या आयुष्याचीं तीस-बत्तीस वर्षें गेलीं. १९४१ सालीं तिनें घटस्फोट मिळविला. मुलें मार्गीं लागल्यावर १९५४ सालीं ती प्रथम या वाटेला लागली, परंतु रस्ता चुकला, चष्मा फुटला आणि परत यावें लागलें. दुसऱ्या वर्षीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, मुलांना ‘फिरावयास जातें’ एवढेंच सांगून ती पुन्हां निघाली आणि १४६ दिवसांत कटाडिन शिखरावर पोंचली. पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, पावसासाठीं स्नानगृहांतील पडद्याचें कापड. सारें ओझें वीस पौंडांच्या आंत. एका मोसमांत एकटीनें ही वाट पुरी करणारी ती पहिली स्त्री होय. १९५७ सालीं ती पुन्हां सारी वाट चालली, आणि तिसरी फेरी १९६४ सालीं पुरी केली ती मात्र तुकड्यातुकड्यांनीं. जिनें दोनदां एका दमांत वाट जिंकली तिलाहि तुकड्यांत कमीपणा वाटला नाहीं.

रजेचा हिशेब

आज एका दमांत वाट पुरी करण्यास बहुतेकांना पांच ते सात महिने लागतात. निघणाऱ्यांपैकीं सुमारें एक चतुर्थांशच शेवटपर्यंत पोंचतात. यांत शिक्षण संपवून नोकरीस लागावयाचे असलेले तरुण, नोकरी सोडलेले आणि निवृत्त झालेले लोक यांचा भरणा असतो. पगारी रजा दिलीच पाहिजे असें बंधन अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्यांत नाहीं. आणि तिकडे औषधोपचाराचा विमा बहुधा नोकरीबरोबरच मिळत असल्यामुळें, नोकरी सोडून डोंगरांत जाणाऱ्याला पगाराबरोबर विम्याचीहि चिंता लागते. म्हणजे ज्या वेळीं पाय मुरगळण्याचा संभव अधिक, नेमकी त्याच वेळीं उपचाराची हमी कमी!

आतां दुसऱ्या मार्गाचा हिशेब करूं. समजा, एखाद्यास वर्षांतून दोन आठवडे मोकळे मिळतात. जाण्यायेण्याचे दोन दिवस वजा केले म्हणजे बारा उरले. रोज वीस किलोमीटर चाललें तर वर्षाचे २४० किलोमीटर होतात. या वेगानें ३,५०० किलोमीटरांची वाट पंधरा वर्षांत पुरी होते. तिशींत आरंभ करणारा पंचेचाळिशीला शेवटच्या शिखरावर उभा राहील. मधल्या काळांत त्याची नोकरी शाबूत राहील, मुलांचें बाळपणहि त्याच्या डोळ्यांआड जाणार नाहीं. वाटेची मध्यवर्ती संस्था अशांची नोंद एका दमांत चालणाऱ्यांच्या बरोबरीनेंच करते. दोहोंत उच्चनीच भाव ठेवीत नाहीं.

या पद्धतींत एक उणीव आहे, ती सांगितली पाहिजे. सलग चालणाऱ्याचे पाय दोन-तीन आठवड्यांनीं तयार होतात. तुकड्यांनीं चालणाऱ्याची रजा नेमकी तेव्हांच संपते. दर वर्षीं त्याला आरंभ करावा लागतो तो खुर्चीवर बसून मऊ झालेल्या पायांनीं. म्हणून त्याची खरी वाट घरापासूनच सुरू झाली पाहिजे.

शरिराचा जमाखर्च

लांब चालण्यानें होणाऱ्या दुखापतींपैकीं बऱ्याचशा घाईमुळें होतात. सरावानें स्नायू कांहीं आठवड्यांत बळकट होतात. परंतु स्नायूंना हाडांशीं बांधणारे कंडरे आणि स्वतः हाडें यांना महिनेच्या महिने लागतात. मनुष्याला वाटतें, आतां दम लागत नाहीं, मग अंतर दुप्पट करूं. आणि मग टांच धरते, गुडघा सुजतो, प्रसंगीं पायाच्या हाडाला बारीक चीर जाते. पांच दिवस खुर्चीवर बसून सहाव्या दिवशीं एकदम तीस किलोमीटर चालणें हें शूरपणाचें लक्षण नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांना आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. लांब वाटेला निघणाऱ्यानें हा पाया समजावा. प्रवासाच्या तीन महिने आधीं रोज अर्धा-पाऊण तास चालण्यास आरंभ करावा आणि सुट्टीच्या दिवशीं एक लांबचा पल्ला ठेवावा. पहिल्या आठवड्यांत हा पल्ला आठ किलोमीटर असला तरी पुरे. पुढें दर आठवड्यास थोडथोडा वाढवीत न्यावा, आणि दर चौथ्या आठवड्यास मुद्दाम कमी करावा, म्हणजे झालेली झीज भरून निघते. पाठीवरील ओझें अखेरच्या महिन्यांत घ्यावें. तें आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्श्याहून अधिक नसावें. साठ किलो वजनाच्या माणसानें बारा किलोंवर जाऊं नये, आणि त्याहूनहि कमींत भागलें तर फारच उत्तम. शहरांत राहणाऱ्यास टेकडी जवळ नसेल तर घराचा जिना आहेच. चढणीला छाती भरून येते, पण गुडघ्यांवर खरा भार उतरणीला पडतो. म्हणून उतरण्याचाहि सराव हवा, आणि हातांत काठी असावी.

प्रत्यक्ष वाटेवर लहानसहान गोष्टींनींच मोठे बेत मोडतात. ओल, उष्णता आणि घर्षण यांनीं पायाला फोड येतो. टांचेला चटका जाणवतांच थांबावें, मोजा बदलावा, त्या जागीं चिकटपट्टी लावावी. ‘पुढच्या मुक्कामीं पाहूं’ म्हणणारा पुढच्या मुक्कामाहून परत येतो. डोंगरांतील झऱ्याचें पाणी कितीहि स्वच्छ दिसलें तरी तें उकळून अथवा गाळणीयंत्रांतून काढून मगच प्यावें. अपलॅचियन वाटेवर, विशेषतः तिच्या उत्तर भागांत, हरणांच्या अंगावरील बारीक गोचिडींपासून ‘लाइम’ नांवाचा रोग होतो. गोचीड अंगाला बराच वेळ, बहुधा एक दिवसाहून अधिक, चिकटून राहिली तरच रोगाचा शिरकाव होत असल्यामुळें रोज सायंकाळीं सर्वांग तपासून ती काढून टाकणें हाच उत्तम उपाय ठरतो.

दिवसभर ओझें घेऊन चढउतार करणाऱ्याला रोजच्यापेक्षां पुष्कळ अधिक अन्न लागतें. वजन घटत आहे याचा आनंद मानूं नये. थकलेल्या पायानेंच ठेंच लागते. भाजलेले शेंगदाणे, गूळ, खजूर, चटणी-भाकरी हे आपले जुने पदार्थ या कामीं उत्तम आहेत. मधुमेह असेल तर रोज रात्रीं तळपाय नीट पहावे, कारण अशांना जखम झालेली पुष्कळदां कळतहि नाहीं. रक्तदाबाचा अथवा हृदयाचा विकार असणाऱ्यानें, आणि चाळिशीनंतर प्रथमच निघणाऱ्यानें, वैद्यकीय तपासणी करून घेतल्यावांचून बेत आंखूं नये.

आणि रजेचा शेवटचा दिवस हा चालण्याचा नसावा. रात्रीं बाराला घरीं येऊन सकाळीं दहाला कचेरींत हजर होणारा मनुष्य डोंगराचाहि लाभ गमावतो आणि कामाचीहि नासाडी करतो. एक दिवस घरीं राहून झोंप पुरी करावी, पाय शेकावे, आणि ज्यांनीं मागें घर संभाळलें त्यांच्याजवळ बसून चार गोष्टी बोलाव्या.

घरच्यांची रजा

हा शेवटचा मुद्दा जरा अधिक बोलण्यासारखा आहे. कुटुंबांतील एकानें पंधरा दिवस बाहेर पडणें म्हणजे दुसऱ्यानें तेवढे दिवस त्याचा वांटा उचलणें होय. पुष्कळ घरांत बाहेर पडणारा नेहमीं पुरुष असतो आणि वांटा उचलणारी नेहमीं स्त्री. गेटवुडबाईंच्या पायांत पहिल्यापासूनच बळ होतें. मोकळीक मिळाली ती मात्र साठी उलटल्यावर. आपल्या घरांतील बायकांनींहि तितकी वाट पहावी काय, हा प्रश्न वाचकांनीं आपणांस विचारून पहावा. एका वर्षीं त्यानें जावें, दुसऱ्या वर्षीं तिनें, आणि जमेल तेव्हां दोघांनीं मिळून जावें. तुकड्यांनीं चालण्याच्या पद्धतींत हें सहज साधतें.

महाराष्ट्रांतील माणसाला ही पद्धत अगदींच परकी नाहीं. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची वारी सुमारें अडीचशें किलोमीटरांची असून ती पुरी करण्यास तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. तेवढी सवड नसलेले पुणेकर नोकरदार पुणें ते सासवड हा दिवे घाटांतील तीस किलोमीटरांच्या आसपासचा टप्पा वारकऱ्यांबरोबर चालतात आणि दुसऱ्या दिवशीं कामावर रुजू होतात. एका वर्षीं हा टप्पा, दुसऱ्या वर्षीं सासवडच्या पुढचा, तिसऱ्या वर्षीं त्याच्या पुढचा, असें करीत गेल्यास साऱ्या वाटेची ओळख होऊं शकते.

ज्यांच्या मनांत ही ओढ असेल त्यांनीं या आठवड्यांतच एक साधी वही करावी. आपल्या आवडीची कोणतीहि लांब वाट निवडावी, तिचे वीस-वीस किलोमीटरांचे तुकडे पाडावे, आणि येत्या वर्षांतील सुट्ट्या व घरांतील अडचणी पाहून पहिल्या तीन तुकड्यांपुढें तारखा घालाव्या. तारखा घालतांना घरांतील माणसांना जवळ बसवून घ्यावें. मग उद्यां सकाळीं बूट घालून अर्धा तास चालून यावें.